अस्थिसंधिवात
अस्थिसंधिवात : हाडांच्या टोकांवरील कूर्चा विरत जाऊन सांधा दुखणे, आखडणे आणि पुढे बेढब होणे, असा संधिविकार. गुडघे, खुबे, हातांची बोटे, मान व कंबर ही त्याची नेहमीची ठिकाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना तो होता. त्यांत साठ टक्के स्त्रिया. वय झाले की सांधे झिजायचेच, हा समज सर्वत्र आहे, पण तो अपुरा आहे. या विकारात कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, अस्थिबंध व स्नायू हे सारेच बदलतात. अस्तराला दाह होतो, हाडाच्या कडांना नवी वाढ फुटते. शरीर दुरुस्ती करू पाहते आणि ती फसते. बोटांवर शरीराचे वजन पडत नाही, तरीही स्थूल व्यक्तींच्या बोटांत हा विकार अधिक आढळतो. निव्वळ घर्षणाने याचा उलगडा होत नाही.

वसईतील गिरीजसारख्या बागायती गावांचा दाखला देऊन कोणी म्हणेल, वाडीत उकिडवे बसून खुरपणी-तोडणी करणाऱ्यांचे गुडघे कष्टानेच जातात. आक्षेपात तथ्य आहे. सतत उकिडवे बसणे व ओझी उचलणे यांनी गुडघ्याचा धोका वाढतो, हे अनेक पाहण्यांत दिसले. बीजिंगमधील वयस्क स्त्रियांत गुडघ्याचा अस्थिसंधिवात अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा जास्त निघाला, खुब्याचा मात्र फारच कमी. म्हणजे प्रश्न कष्ट किती, एवढाच नसून भार कोणत्या सांध्यावर व कसा पडतो, हाही आहे. यावरून विश्रांतीचा सल्ला काढणे मात्र चूक. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो व सुटतो तेव्हा संधिद्रवातून तिला पोषण मिळते. पडून राहिल्यास मांडीचे स्नायू रोडावतात आणि गुडघा आणखी उघडा पडतो. म्हणून खुरपताना बुटके स्टूल किंवा लांब दांड्याचे अवजार घ्यावे, चालणे सोडू नये. वजन एक किलो उतरले, तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो; तेल चोळून एवढे साधत नाही, घटकाभर बरे वाटते इतकेच. दुर्बिणीतून सांधा धुण्याची शस्त्रक्रियाही २००२ च्या अमेरिकी चाचणीत लटक्या शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही. सांधा पुरता निकामी झाल्यावर कृत्रिम सांधा बसवतात. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे २००० व २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आले.