स्पोर्टरायझिंग

स्पोर्टरायझिंग म्हणजे लष्करी रायफलमध्ये बदल करून ती शिकारीसाठी किंवा नेमबाजीसाठी वापरण्याजोगी करण्याची प्रक्रिया होय. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ब्रिटन या देशांत ही प्रक्रिया लोकप्रिय होती. हे काम व्यावसायिक बंदूक कारागीर करत, तसेच अनेक हौशी व्यक्ती घरच्या कार्यशाळेतही करत. अशा रायफलला 'स्पोर्टर' असे म्हणतात.

इतिहास

अमेरिकी लष्कराने १९०३ साली स्प्रिंगफील्ड एम१९०३ ही रायफल स्वीकारली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याच रायफलची शिकारी आवृत्ती स्वतःसाठी बनवून घेतली आणि १९०९-१० च्या आफ्रिका मोहिमेत ती वापरली. न्यू यॉर्कमधील सुतार कारागीर सीमोर ग्रिफिन यांनी त्यानंतर स्प्रिंगफील्ड रायफलींना अक्रोडाचे दस्ते बसवण्यास सुरुवात केली. १९२३ साली त्यांनी जेम्स हाउ यांच्यासह 'ग्रिफिन अँड हाउ' ही संस्था स्थापन केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन माउझर ९८, ब्रिटिश ली-एनफील्ड आणि स्प्रिंगफील्ड या रायफली मोठ्या संख्येने अतिरिक्त ठरल्या व नागरी बाजारात अल्प किमतीत आल्या. कारखान्यातील नवी शिकारी रायफल घेणे न परवडणाऱ्यांना हा स्वस्त पर्याय होता. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने ली-एनफील्डची रूपांतरे विक्रीस आणली. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या इटालियन लष्करी रायफलने झाली. त्यानंतर अमेरिकेत संमत झालेल्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालविक्रीवर आणि परदेशी लष्करी रायफलींच्या आयातीवर निर्बंध आणले.

प्रक्रिया

सर्वात साध्या रूपांतरात दस्त्याचा पुढील लाकडी भाग कापला जातो व नळीवरील लाकडी आच्छादन काढून वजन कमी केले जाते. परिपूर्ण रूपांतरात मूळ रायफलीचे केवळ रिसीव्हर व बोल्ट शिल्लक राहतात. नळी, दस्ता व चाप नवे बसवले जातात. माउझर ९८ चा बोल्ट पुढील दोन भक्कम खुंट्यांनी अडकतो, शिवाय मागे सुरक्षेसाठी तिसरी खुंटी असते. या बळकटीमुळे माउझर ९८ ला कारागिरांची विशेष पसंती लाभली.

दुर्बीण बसवण्यासाठी रिसीव्हरला छिद्रे पाडून आटे कापतात. माउझरच्या अनेक आवृत्त्यांत बोल्टची मूठ सरळ बाहेर आलेली असते. ती वर उचलताना दुर्बिणीला अडू नये म्हणून खाली वाकवतात किंवा बदलतात. दुर्बिणीच्या आड येणारा मूळ सुरक्षा-खटकाही बदलावा लागतो. दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. रिसीव्हर लाकडात घट्ट व समान बसला नाही, तर लाकूड दमटपणाने फुगते आणि नेम सरकतो. म्हणून ही बैठक पक्की करण्यासाठी एपॉक्सी वापरण्याची पद्धत रूढ झाली. अखेरीस दस्त्याला जवसाचे तेल देतात, पकडीच्या जागी चौकटीची नक्षी कोरतात आणि धातूला निळसर काळा रंग चढवतात.

सुरक्षितता

बोल्टचा दर्शनी भाग व चेंबरमधील काडतुसाच्या टेकण्याची जागा यांतील अंतरास 'हेडस्पेस' म्हणतात. हे अंतर प्रमाणाबाहेर वाढल्यास काडतुसाचे पितळी कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या दिशेने येऊ शकतात. त्यामुळे नळी किंवा बोल्ट बदलल्यानंतर ते प्रमाणित मापकांनी तपासणे अनिवार्य मानले जाते.

जुन्या रायफलीतील धातूचे दोष बाहेरून दिसत नाहीत. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात आरंभी तापलेल्या पोलादाचे तापमान कामगार डोळ्यांनी रंग पाहून ठरवत. प्रकाश बदलल्याने अंदाज चुके व काही रिसीव्हर ठिसूळ बनत. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रायफली फुटल्यानंतर १९१८ साली ही पद्धत बदलण्यात आली. या शस्त्रागारातील ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफली त्यामुळे धोकादायक मानल्या जातात. जुलियन हॅचर यांनी 'हॅचर्स नोटबुक' (१९४७) या ग्रंथात या अपघातांची नोंद केली आहे.

मूल्यमापन

स्वतःच्या हातांनी उत्तम साधन घडवण्याची संधी या छंदाने सामान्य माणसाला दिली. मात्र कापलेला दस्ता आणि पुसलेल्या लष्करी खुणा पूर्ववत होत नाहीत. एके काळी विपुल असलेल्या या रायफली आता दुर्मीळ होत असून संग्राहक बदल न केलेल्या नमुन्यास अधिक मूल्य देतात. त्यामुळे मूळ स्वरूपातील रायफलीचे रूपांतर करणे आज बहुधा अनुचित मानले जाते. आधीच बदललेल्या रायफलींवर काम करणे स्वीकारार्ह समजले जाते.

भारतातील स्थिती

भारतात .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांसाठी प्रतिबंधित असल्याने आयुध निर्माणीने ली-एनफील्डच्या रचनेवर आधारित .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल तयार केली. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची निर्मिती किंवा रूपांतर करणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्य प्राण्यांच्या शिकारीस काही अपवाद वगळता बंदी आहे.