व्हॉल्व्हची जागा आणि ध्वनीचें रूप

व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक सर्वत्र प्रचारांत होते त्या काळीं एखादें यंत्र खरखरूं लागलें, कीं जाणता माणूस त्यांतील एकाच जातीचे दोन व्हॉल्व्ह काढी व एकमेकांच्या जागीं बसवून पाही. कधीं आवाज एकदम निवळे, तर कधीं तिळमात्र फरक पडत नसे. व्हॉल्व्ह तेच, यंत्र तेंच. मग असें कां व्हावें?

१९०४ सालीं इंग्लंडांत जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. १९०६ मध्यें अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत तारेची जाळी बसविली. जाळीवरील क्षीण विद्युद्दाबाच्या हुकुमानें प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह कमीअधिक होऊं लागला. पुढें एकानें वाढविलेला संदेश दुसऱ्यानें वाढवावा, अशी व्हॉल्व्हांची रांगच लागली. पण रांगेंतील प्रत्येक व्हॉल्व्ह मागच्याचे दोषहि वाढवितो आणि स्वतःचे त्यांत मिसळतो.

यावरील उपाय बेल प्रयोगशाळेंतील हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ च्या ऑगस्टांत, न्यूयॉर्कला कामावर जातांना, बोटींत सुचला. हातांतील वर्तमानपत्रावरच त्यांनीं आकृति काढली. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा कांहीं अंश उलटा करून आरंभाकडे परत आणावयाचा, ही ती युक्ति. वर्धन घटतें, परंतु त्याच मानानें विकृतीहि घटते.

ही युक्ति घरगुती संगीतश्रवणांत कशी उतरली, तें १९४७ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं एप्रिल व मे महिन्यांत इंग्लंडांतील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत डी. टी. एन्. विल्यमसन यांचा ध्वनिवर्धक प्रसिद्ध झाला. त्यांत एल ६३ जातीचे चार आणि के. टी. ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह होते. आपल्या प्रश्नाचें उत्तर या यंत्रांत स्पष्ट सांपडतें.

पहिला एल ६३ हा मैफलींतील तंबोऱ्यासारखा. त्याची खरखर पुढचे सारे वाढवितात. ब्लॅक यांची युक्तिहि येथें हतबल ठरते. कारण ती खरखर आणि गाणें दोन्ही सारख्याच मानानें कमी करते. दुसरा एल ६३ संदेशाचे दोन समान व परस्परविरुद्ध भाग पाडतो. ती समानता प्लेट व कॅथोड यांच्या बाजूंच्या सारख्या रोधांवर अवलंबून असल्यामुळें येथें व्हॉल्व्ह बदलला तरी फारसा फरक पडत नाहीं. पुढील दोन एल ६३ जोडीनें काम करतात. त्यांचें वर्धन विषम असेल, तर दोन बाजूंचा तोल ढळतो. शेवटच्या के. टी. ६६ च्या जोडींतून असमान प्रवाह वाहूं लागला, तर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा एका दिशेनें चुंबकित होतो आणि खर्जाचे स्वर बिघडतात. हा तोल साधण्याची सोय विल्यमसन यांनीं यंत्रांतच ठेविली होती.

म्हणजे एकच एल ६३ पहिल्या जागीं रसभंग करील आणि दुसऱ्या जागीं निमूटपणें वर्षानुवर्षें काम देईल. खरखर करणारा व्हॉल्व्ह फेंकून देण्यापूर्वीं त्याची जागा बदलून पाहणाऱ्याचे पैसे वांचत, तें यामुळेंच. आजहि हौशी लोक असे ध्वनिवर्धक बाळगतात. अमक्या व्हॉल्व्हचा आवाज गोड आणि तमक्याचा कर्कश, असें त्यांपैकीं कोणीं सांगितलें, तर तो कोणत्या जागीं बसविला होता, एवढें आधीं विचारावें.