बेंगळुरूचे रेशीम: साडीपासून पडद्यापर्यंत

घरसजावटीचे उंची रेशीम हा बेंगळुरूच्या वस्त्रोद्योगातला अगदी अलीकडचा धंदा आहे. रेशमाचे विणकाम मात्र या शहरात फार जुने. केंपेगौडाने 1537 च्या सुमारास वसवलेल्या पेठेत विणकरांच्या स्वतंत्र आळ्या होत्या. 1638 नंतर हे शहर आदिलशाहीतर्फे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही पेठेतले माग चालूच होते. 1800 साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी पाहणी करत फिरलेल्या फ्रान्सिस बुकाननने येथील पट्टेगार, खत्री आणि देवांग विणकरांची नोंद केली आहे. त्यांचा बहुतेक माल लुगडी, धोतरे, शेले असा अंगावर वापरण्याचा होता. खिडकीला किंवा बैठकीला रेशीम लावावे, अशी गिऱ्हाइकाची मागणीच नव्हती.

कच्चा माल जवळ आला तो टिपू सुलतानामुळे. त्याने बंगाल आणि मस्कतहून रेशीमकिड्यांचे बियाणे मागवले व म्हैसूर राज्यात तुतीची लागवड करवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी बेंगळुरूला जपानी पद्धतीचा रेशीम फार्म काढला. पुढे तो साल्व्हेशन आर्मीकडे गेला. 1912 साली म्हैसूर संस्थानाने स्वतःचा रेशीम विणकाम कारखाना सुरू केला, आणि म्हैसूर सिल्कच्या साडीचे नाव देशभर झाले. स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालय बरीच वर्षे मुंबईला मरीन ड्राइव्हवर होते. माल कर्नाटकात आणि कागद मुंबईत, ही गैरसोय ते बेंगळुरूला हलल्यावर संपली. एवढ्या सगळ्या काळात धंद्याचा हिशेब साडीच्या लांबीवरच चालला.

पडद्यापर्यंतची वाट परदेशातून आली. भारतीय कापडाने घरे सजवणे युरोपला नवे नव्हते. कोरोमंडल किनाऱ्याच्या छापील छिटांनी सतराव्या शतकात तिथल्या पलंगांचे पडदे आणि भिंती व्यापल्या होत्या. त्यांचा इंग्लंडच्या विणकरांना इतका जाच झाला, की 1721 च्या कायद्याने असे सुती छापील कापड कपड्यांत तर नाहीच, पण घरसामानातही वापरायला मनाई केली. विसाव्या शतकात मात्र या व्यापारात नवा माणूस शिरला, तो म्हणजे गृहसजावटकार. लंडनमध्ये सिबिल कोलफॅक्स आणि जॉन फाउलर 1938 मध्ये एकत्र आले. घरे सजवणारी ही पेढी पुढे स्वतःच्या पडदे-सोफ्यांच्या कापडासाठीच जास्त ओळखली जाऊ लागली. ट्रिशिया आणि रॉबिन गिल्ड या दांपत्याने 1970 साली काढलेल्या ‘डिझायनर्स गिल्ड’ची सुरुवात तर भारतीय ठशांच्या छापकामावर आधारलेल्या कापडांनीच झाली.

सजावटकारांनी भागीदारी करून कापडाच्या धंद्यात उतरण्यामागे निव्वळ हौस नसते. 2.4 मीटर रुंदीच्या खिडकीला चुणीदार पडदा हवा, तर दुप्पट, म्हणजे 4.8 मीटर रुंदीचे कापड लागते. सजावटी कापडाचा पन्हा साधारण 137 सेंटिमीटर असतो, म्हणून चार पट्टे जोडावे लागतात. उंची व दुमड धरून प्रत्येक पट्टा तीन मीटर धरला, तर एका खिडकीला 12 मीटर कापड गेले. मोठी नक्षी असेल, तर ती सांध्यावर जुळवताना आणखी वाया जाते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा खर्च भारी, पण कारखान्याच्या दृष्टीने 12 मीटर ही मागणीच नव्हे. यंत्रमागावर एकदा चढवलेला ताणा शेकडो मीटरचा असतो, आणि रंगाची खेप बदलली की छटाही किंचित बदलते. एकट्या सजावटकाराला आपल्या मनातला रंग विणून घेणे परवडत नाही. दोघा-तिघांनी गिऱ्हाइके एकत्र केली आणि उरलेला माल इतर सजावटकारांना नमुन्यांच्या पुस्तकांतून विकला, की जमते.

बेंगळुरूच्या ज्या कापडाला या बाजारात जागा मिळाली, ते म्हणजे डुपियन. दोन किड्यांनी मिळून विणलेल्या जोडकोषाचे सूत सलग निघत नाही. त्यात जाड-बारीक गाठी राहतात. साडीच्या नाजूक कामाला असे सूत दुय्यम समजले जाते. तेच आडवे घालून, गुळगुळीत उभ्या सुतावर विणले, की कापडाला कडकपणा येतो आणि पृष्ठभागावर तुटक रेघा उमटतात. पडद्याच्या मोठ्या चुण्यांत उजेड पडला की याच रेघा शोभून दिसतात. दोष मानलेल्या गोष्टीला मोल चढवण्यात सजावटकारांचा वाटा विणकरांपेक्षा मोठा आहे, हे मान्य करावे लागते.

कारखानदारीच्या पातळीवर हा धंदा रुजवला हिमतसिंगका कुटुंबाने. 1985 साली बेंगळुरूत स्थापन झालेल्या ‘हिमतसिंगका सेइडे’ने शहराच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटरवर दोड्डबळ्ळापूरला सजावटी रेशमाचा कारखाना उभारला, आणि माल निर्यात केला. दोड्डबळ्ळापूर हे यंत्रमागाचे गाव असल्याने कारागिरांची वानवा नव्हती. पुढे कंपनीने ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ या नावाने भारतीय गिऱ्हाइकांसाठी उंची कापडांची दालने काढली, आणि 2007 साली ज्युसेप्पे बेल्लोरा या जुन्या इटालियन कंपनीत मोठा हिस्सा घेतला. निर्यातदाराने देशी गिऱ्हाईक शोधावे, याला कारण होते. शहरात तसे गिऱ्हाईक आता तयार झाले होते.

त्याचे एक ठिकाण म्हणजे महादेवपुरा. कृष्णराजपुरमजवळच्या या गावाभोवती आधी कारखान्यांची वसाहत झाली. 1990 च्या दशकात पूर्वेला व्हाइटफील्डच्या बाजूस सिंगापूरच्या सहकार्याने माहिती तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती वाढल्या. 2007 साली महादेवपुरा नगरपालिका बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली. 2011 मध्ये येथे मोठा मॉल आला. फ्लॅटचा ताबा घेणारे कुटुंब आतील सगळे काम एकाच सजावटकाराकडे सोपवू लागले, तसे पडद्याचे कापड निवडण्याचे काम चिक्कपेठेच्या दुकानातून सजावटकाराच्या टेबलावर गेले. कापडावरची सूट सजावटकाराला, पूर्ण भाव गिऱ्हाइकाला, ही परदेशातली रीतही सोबत आली.

या नव्या घरांच्या काचा मोठ्या, आणि ऊन रेशमाचा वैरी. उन्हात रंग उडतो, सूत विरते. म्हणून रेशमी पडद्याला सुती अस्तर लावतात आणि दोहोंमध्ये मऊ जाडसर थरही घालतात. सोफ्यासाठी शुद्ध रेशीम सहसा टाळतात, कारण घर्षणाच्या मार्टिनडेल चाचणीत ते तागमिश्रित किंवा कृत्रिम कापडापुढे टिकत नाही. त्यात चिनी कच्च्या रेशमाची स्पर्धा वाढली आणि सुताचे भाव वर-खाली होत राहिले. त्यामुळे सजावटकारांच्या नमुन्यांच्या पुस्तकांत आता डुपियनसारखे दिसणारे पॉलिएस्टर मोठ्या प्रमाणावर असते. ते धुता येते, उन्हाला दाद देत नाही आणि किमतीला कितीतरी स्वस्त पडते. शुद्ध रेशीम बहुधा जेवणघर, झोपण्याची खोली किंवा पलंगावरच्या उशा एवढ्यापुरते मागवले जाते.