रक्तात मनाची खूण सापडते का?

मंडळी, अंगातला ताप काचेच्या नळीत दिसतो. मनाची खिन्नता कशात पाहायची? १९६५ साली अमेरिकेत बनी आणि फॉसेट या डॉक्टरांनी खिन्न रोग्यांची लघवी तपासली. ज्यांनी पुढे आत्महत्या केली, त्यांच्यात ताणाच्या संप्रेरकाचे अंश जास्त निघाले होते. १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या मारी ओसबर्ग बाईंनी ६८ रोग्यांच्या पाठीतले पाणी पाहिले. मेंदूतल्या सेरोटोनिन द्रव्याचा शेष ज्यांच्यात कमी, त्यांच्यात जीव देण्याचे प्रयत्न अधिक! मग रक्ताचाही शोध सुरू झाला. पण असले आकडे धोका नसलेल्यांतही सापडतात. भरवशाची रक्तपरीक्षा अजून हाती नाही. म्हणून डॉक्टर आजही जवळ बसून सरळ विचारतात, “जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हो?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही आपली समजूत तेवढी खोटी.