बधिर करणाऱ्या सुईचे वावडे

दात काढताना हिरडी बधिर करतात, हे आज आपण गृहीतच धरतो. पण ही सोय तशी अलीकडची. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर केला. मात्र कोकेन विषारी, शिवाय व्यसन लावणारे. म्हणून १९०५ साली जर्मनीत आइनहॉर्न यांचे नोव्होकेन प्रचारात आले. व्यसनाची भीती टळली, पण दुसरेच दुखणे उभे राहिले. रोज ते हाताळणाऱ्या दंतवैद्यांच्याच बोटांवर इसब उठू लागला! नोव्होकेनपासून शरीरात पॅरा-अमिनो बेंझोइक आम्ल तयार होते. वावडे बहुधा त्याचेच. १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी निराळ्या घडणीचे लिडोकेन बनवले. त्यातून हे आम्ल निघत नाही. त्याचे खरे वावडे फार विरळा.

मग सुईनंतर घेरी आली, छाती धडधडली, तर? बहुधा ती भीती असते, नाहीतर औषधात मिसळलेले अ‍ॅड्रेनॅलिन. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडू लागला, तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा. औषधाचे नाव लिहून ठेवा. नुसते ‘मला सुई चालत नाही’ म्हणालात, तर पुढच्या वेळी उगाच कळा सोसाल!