लेव्हल पाइप आणि जोड कार्ब्युरेटर

मोटारसायकलच्या दोन कार्ब्युरेटरांची ओढ सारखी करण्याच्या कामाला मेकॅनिक मंडळी नुसते 'सिंक करणे' म्हणतात. हे काम छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावात घराच्या ओसरीवर करता यावे, ही शक्यता अलीकडची आहे. आणि ती अलीकडची असण्याचे कारण इथल्या कारागिरांच्या हाताशी जोडण्यापेक्षा, संभाजीनगर शहरापासून फुलंब्री-सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणत्या गाड्या किती दशके धावल्या, याच्याशी जोडणे अधिक योग्य ठरेल.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळून इंजिनाला पुरवणारे साधन. पिस्टन खाली उतरताना निर्माण होणारी ओढ हवेला एका अरुंद गळ्यातून खेचते, त्या गळ्यात हवेचा वेग वाढून दाब घटतो आणि घटलेल्या दाबामुळे जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी तोटीतून, पेट्रोलचा फवारा उडतो. अरुंद गळ्यातला हा परिणाम इटालियन शास्त्रज्ञ जिओव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये मांडला होता. त्यावर आधारलेला फवाऱ्याचा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, तर हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने स्वतंत्रपणे घडवला. सिलिंडर एक आणि कार्ब्युरेटरही एक असेल, तोवर तुलनेचा प्रश्नच येत नाही. १९५९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिलला दोन आणि १९६९ च्या होंडा सीबी ७५० ला चार कार्ब्युरेटर आले, तेव्हा मात्र सगळ्यांच्या हवा सोडणाऱ्या झडपा एकाच वेळी आणि सारख्याच उघडतात की नाही, हे पाहणे भाग पडले. कारण एक सिलिंडर जास्त आणि दुसरा कमी श्वास घेऊ लागला, की गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता उभी असताना, थरथरते, रेस सोडल्यावर खडखडते आणि पेट्रोलही जास्त पिते.

मराठवाड्यात हा प्रश्न फार काळ उद्भवलाच नाही. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला, पुढच्याच वर्षी एम-८० आणि कावासाकीच्या सहकार्याने केलेली केबी १०० बाजारात आली, आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या गॅरेजांचे शिक्षण मुख्यतः याच गाड्यांवर झाले, असे म्हणता येते. १९९१ ची फोर-एस चॅम्पियन असो की तिच्या मागून आलेली बॉक्सर, प्रत्येकीला सिलिंडर एक आणि कार्ब्युरेटरही एकच. तो पेट्रोलने धुवायचा, जेटमध्ये हवा मारायची, एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड-दोन फेरे मागे घ्यायचा आणि आवाज ऐकत स्लो बसवायचा, एवढी विद्या पुरेशी होती. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. एका कार्ब्युरेटरच्या गाडीवर ओढ मोजणाऱ्या गेजने जे कळते, ते बहुतेक सगळे सरावलेल्या कानालाही कळते.

अपवाद राजदूत ३५० चा. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून बनवलेल्या या टू-स्ट्रोक गाडीला दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर होते. तिच्यावर गेज लावण्यापेक्षा दोन्ही केबलींचा ढिलेपणा सारखा करून, रेस देताना दोन्ही स्लाइड, म्हणजे सरकत्या झडपा, एकदमच उचलल्या जातात का, हे डोळ्याने आणि बोटाने पाहण्याची रीत होती. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी धरून सुसकाऱ्याचा फरक टिपणारेही होते. ही गाडी महाग होती, पेट्रोलही फार खाई, त्यामुळे शेतकऱ्यांच्या तालुक्यात ती फारशी रुजणे शक्यच नव्हते.

गेजची खरी गरज आणली ती त्याच कावासाकी नावाने, मात्र तेवीस वर्षांनंतर. २००९ मध्ये बजाजने भारतात विक्रीस आणलेल्या निन्जा २५० आर या २४९ सीसीच्या गाडीला शेजारी-शेजारी दोन सिलिंडर आणि केहिन कंपनीचे दोन कार्ब्युरेटर होते, आणि दोन्ही झडपांचे नाते जुळवणारा एक बारीक स्क्रू त्यांच्यामध्ये बसवलेला होता. दोन्हींच्या ओढीतला फरक पाऱ्याच्या २ सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, ही कावासाकीच्या दुरुस्ती-पुस्तिकांतली नेहमीची मर्यादा आहे. एवढा फरक कानाला पकडता येत नाही.

मात्र त्यासाठी लागणारे उपकरण फुलंब्रीतल्या कोणत्याही गवंड्याकडे आधीपासून होते. जोत्याची पातळी काढताना वापरला जाणारा पारदर्शक लेव्हल पाइप घ्यावा, तो फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखा उभा बांधून निम्म्यापर्यंत टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, भरावे आणि दोन टोके दोन इनटेकच्या निपलांना जोडावीत, की दाबातील फरक मोजणारा मॅनोमीटर तयार होतो. पाणी आपली पातळी शोधते, हे सूत्र या भागाला काही नवे नाही; मलिक अंबरच्या नहरीपासून पाणचक्कीच्या भिंतीवर चढणाऱ्या मातीच्या नळांपर्यंत शहराचे जुने पाणी त्याच सूत्रावर खेळले. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने पाऱ्यातले २ सेंटिमीटर पाण्यात सुमारे २७ सेंटिमीटर होतात आणि त्याहून हलक्या तेलात ३० च्या वर जातात. म्हणजे काट्याच्या गेजवर जो फरक जेमतेम दिसतो, तो या स्वस्त पाइपात हातभर दिसतो. गैरसोय त्याच गुणातून येते: झडपा फार विषम असतील, तर तेल सरळ इंजिनात ओढले जाते, म्हणून पाइप काही मीटर लांब ठेवावा लागतो, आणि आत गेलेच तर निदान जळून जावे यासाठी टू-टी ऑइलच पसंत करतात. विषारी पाऱ्याला घरात मुळीच थारा देऊ नये.

काम सुरू करण्यापूर्वी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बरोबर असावी लागते आणि इंजिन गरम असावे लागते. पेट्रोलची टाकी उतरवावी लागत असल्याने सलाइनच्या रिकाम्या बाटलीतून तात्पुरते पेट्रोल सोडतात, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीसमोर पंखा लावतात. इंजिन सुरू होताच तेलाचा स्तंभ प्रत्येक ओढीबरोबर धडधडतो. माशांच्या टाकीचा छोटा व्हॉल्व्ह नळीत बसवून तिची वाट थोडी आवळली, की तो शांत होतो. ज्या बाजूला तेल चढते, त्या बाजूची झडप जास्त मिटलेली असते. मधला स्क्रू पाव फेऱ्याच्याही आत फिरवला, की स्तंभ हळूहळू समान होतात, आणि तेवढ्यात स्लो वाढलेला आढळतो, तो पुन्हा खाली आणावा लागतो. काट्याच्या गेजवरच्या आकड्यांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही: समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवरच्या संभाजीनगरात हवेचाच दाब पाऱ्याच्या ७६ ऐवजी ७१ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून मुंबईच्या तुलनेत आकडा कमी दिसणारच. पाहायची ती बरोबरी.

हे कौशल्य गावात पोचेपर्यंत त्याची गरज ओसरू लागली होती. २०१३ ची निन्जा ३०० फ्युएल इंजेक्शनची आली, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांनी नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार केला. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत इनटेकमधला दाब आता एक लहानसा सेन्सर क्षणोक्षणी मोजून पेट्रोलचे माप ठरवतो. दोन थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेच्या झडपांचे साचे, असलेल्या गाड्यांच्या झडपा मात्र आजही गेज लावूनच जुळवाव्या लागतात, आणि त्या कामाला गवंड्याचा तोच पाइप चालतो.