हद्दीपलीकडची हिरवळ

रत्नागिरीकर संध्याकाळी हवा खायला निघाला की बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. एक मांडवीची, दुसरी भाट्याची. मांडवी शहरात आहे. भाट्याला जाण्यासाठी काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो आणि पूल संपला की ग्रामपंचायतीची हद्द लागते. पुळण आणि सुरूबन गावाचे, तिथे फिरायला येणारी माणसे मात्र मोठ्या संख्येने शहरातली. मग अशा जागेची आखणी कोणी करायची, तिच्यासाठी पैसा कोणी द्यायचा? या प्रश्नाचा माग काढताना मला तो बागकामापेक्षा इतिहासाचा अधिक वाटू लागला.

रत्नागिरीची नगरपालिका १८७६ सालची. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात नगरपालिकांसाठी एक आणि ग्रामीण भागातील लोकल बोर्डांसाठी दुसरा असे दोन कायदे झाले. शहर आणि गाव यांचे दफ्तर तेव्हापासून वेगळे राहिले. ‘बाग’ शहराच्या दफ्तरात गेली; गावाकडे गायरान, तळी आणि देवराया उरल्या. संविधानाच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांतही ही वाटणी दिसते. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण त्यांत उद्यान नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र शहरांनी हद्दीची अडचण कधी मानली नाही. मुंबईने विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण केला. तेव्हा साष्टी बेट ठाणे जिल्ह्यात होते. पाणी स्वच्छ राहावे म्हणून तलावांभोवतीचे रान राखले गेले आणि तेच पुढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा ठरले. आज हे उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. रत्नागिरी शहरही पाण्यासाठी शीळ आणि पानवलपर्यंत गेले. तहान भागवण्यासाठी जे जमले, ते मोकळ्या हवेसाठी का जमू नये?

अमेरिकेतील बॉस्टनने हा प्रश्न १८९३ मध्ये सोडवला. शहर वाढत होते आणि टेकड्या, नदीकाठ व समुद्रकिनारा शेजारच्या गावांच्या हद्दीत होते. चार्ल्स एलियट हा उद्यानरचनाकार आणि सिल्व्हेस्टर बॅक्स्टर हा पत्रकार यांच्या प्रयत्नांतून शहर व भोवतालच्या गावांसाठी एकच उद्यान आयोग स्थापन झाला. राज्याने कर्ज उभारून जमिनी घेतल्या आणि त्याची परतफेड गावागावांत वाटून दिली. तीन वर्षांत रेव्हियरची पुळण सर्वांसाठी खुली झाली. त्यांनी गावांच्या हद्दी तशाच ठेवल्या, फक्त खर्चाची वाटणी ठरवली.

आपल्याकडे कायद्याची अवजारे नाहीत असे नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडडी नुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, त्यात जागेचे नियोजनही, विचारात घ्यायच्या आहेत. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

अडचण जमिनीपाशी येते. कोकणात खोतीचा वारसा आहे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. देशावर गावाला मोठे गायरान असते, तसे इथे सहसा नाही. जिल्ह्यातले बहुतांश रानसुद्धा खाजगी मालकीचे आहे. एका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार आणि त्यांतले निम्मे चाकरमानी, अशी जमीन संपादन करायची तर चिकाटी लागते, शिवाय पैसा लागतो. त्यात १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ आहे. विकास आराखड्यात आरक्षित केलेली जागा दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण संपते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, आता ती चोवीस महिन्यांची आहे. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. एखाद्याची जमीन नकाशावर हिरवी रंगवून पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवता येत नाही. पण एकट्या संस्थेची तिजोरी अपुरी पडली की बाग कागदावरूनही पुसली जाते.

शहर आता नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या गावांना भिडले आहे. इमारतींना हद्द दिसत नाही. ती दिसते फक्त आराखड्याला आणि अंदाजपत्रकाला. म्हणून मला वाटते, पहिले काम नवी बाग उभारण्याचे नाही. नगरपरिषद आणि या ग्रामपंचायतींनी एकत्र बसून, उरलेल्या मोकळ्या जागांची एकच यादी करावी. कोणती जागा कोणाच्या हद्दीत, मालक कोण, तिथे येणारे लोक कुठले आणि देखभालीचा वाटा कोणी किती उचलायचा, एवढे चार रकाने पुरेत. ती यादी जिल्हा नियोजन समितीपुढे गेली, तर निदान चर्चेला जागा मिळेल. सड्यावर एकदा पाया खणला गेला की तिथली मोकळी जागा परत मिळत नाही.